दवात पेन्सिलच चालते

वही दिवाळीच्या सुट्टीत आणलीस, बरं केलंस. पण पोरी, पहिलं पान कोरं ठेव. धोबी पक्षी काही दिवाळीची वाट बघत नाही. कालव्याच्या कडेनं शेपटी खालीवर करत चालणारा करडा धोबी गणपतीच्या आगेमागेच येऊन ठेपलेला असतो, पांढरा त्याच्या मागोमाग येतो. यंदा ज्याचं ज्याचं येणं हुकलं त्यांची नावं त्या कोऱ्या पानावर लिही. पुढच्या भाद्रपदात नजर कुठे लावायची ते आपोआप ठरेल.

मुहूर्तच हवा असला तर 5 नोव्हेंबर धर. त्या दिवशी मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस असतो, 12 नोव्हेंबरला सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा आपल्या राज्यात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चितमपल्ली वनखात्यातले. त्यांची पुस्तकं वाचशील तेव्हा कळेल, नोकरीत फिरताना टिपून ठेवलेल्या नोंदींवरच ती उभी आहेत. व्यंकटेश माडगूळकर तर लिहायचे तसे चित्रंही काढायचे. आणि दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 सालचं, महिन्यामहिन्यानं पुढे जाणारं. तू तारखेसोबत मराठी महिना आणि तिथी लिहावीस हा माझा आग्रह त्यातूनच आला असेल. तिथी लिहिली की त्या रात्री चांदणं होतं की अंधार, हे वेगळं लिहावं लागत नाही.

सामानाचा फार खल करू नकोस. मंचरच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात जाड कागदाची, शिवलेली, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही मिळते. स्पायरलची नको, तिची तार बांधावरच्या गवतात अडकते. एक एचबी पेन्सिल, एक टूबी, दोन्हींना दोरी बांधून ती वहीला अडकव. पेन घरी ठेव. थंडीत सकाळी कुठेही वही टेकवलीस तरी ती ओली होणार. शाईचं लिहिलेलं फुटतं, पेन्सिलीची रेघ जागची हलत नाही. कॅमलच्या रंगांच्या वड्या दुपारी घरात बसून वापर, कारण सकाळच्या दमट हवेत कागदावरचं पाणी वाळता वाळत नाही आणि हिरवा तांबड्यात उतरतो. शेतात रंग लागलाच तर थर्मासमधला कोरा चहा आहे. ज्वारीची ताटं, वाळलेलं पाचट, कालव्याचा भराव, सगळं चहाच्या दोन-तीन थरांत येतं. हळदीच्या मोहात मात्र पडू नकोस. पहिल्या दिवशी पिवळीधमक दिसते, पण वही उन्हात उघडी राहिली की रंग उडून जातो.

आता मुद्द्याचं. थंडीची वही भरायची तर जागा थोड्या आणि खेपा जास्त. भीमाशंकरला जाऊन शेकरू काढायची हौस सगळ्यांना असते. जा की, एकदा जाऊन ये. पण शेकरूचं चित्र एकच निघेल, आणि एका चित्रावरून काही कळत नाही. त्याऐवजी घरापासून चालत जाता येतील अशा तीन जागा ठरव: कालव्याचा पूल, हरभऱ्याचा बांध आणि एखादी काटेसावर. कार्तिकापासून माघापर्यंत त्याच तीन जागी, शक्यतो त्याच वेळेला, त्याच दगडावर बस. पहिले काही दिवस कंटाळा येईल. येऊ दे. तेच तेच दिसतंय असं वाटत असताना वही मागे चाळलीस की त्यातलं काय काय बदललं ते कळतं.

काटेसावरीपासून सुरुवात कर, कारण ती हलत नाही आणि पळून जात नाही. झाड पूर्ण काढायला जाऊ नकोस, एक फांदी निवड. हात पोचेल इतकी खालची, टोकाला ओळखीची खूण असलेली. एका पानाचे चार भाग कर आणि चारही भागांत तीच फांदी काढ. पहिल्या भागात पंजासारखी पसरलेली पानं येतील. मार्गशीर्ष-पौषात ती पिवळी पडून गळतात, तेव्हा दुसऱ्या भागात नुसती काठी येईल. काठीच आहे म्हणून सोडू नकोस. पान जिथून गळलं तिथली गोल खूण, सालीवरचे काटे, पेरांमधलं अंतर, हे सगळं आत्ताच दिसतं. पानं असताना काही दिसत नाही. तिसऱ्या भागात कळ्या, तपकिरी-हिरव्या, सुपारीएवढ्या. आणि माघात फूल: पाच जाड लाल पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचे झुपके. फूल काढताना वर बघून मान अवघडून घेऊ नकोस, खाली पडलेलं उचल, आहे त्याच मापाचं काढ. आहे त्याच मापाचं, हे एवढं कायम लक्षात ठेव. बोर असो, चिंचेचं बोटूक असो, घाटा असो, कागदावर ठेवून बाजूने पेन्सिल फिरवलीस तरी चालेल. चित्रकलेच्या परीक्षेत त्याला मार्क मिळणार नाहीत, वहीत मिळतात.

सावर फुलली की फांदीची पेन्सिल खाली ठेव आणि नुसती पाहुण्यांची यादी कर. साळुंक्या, कावळे, खारी, आणि भोरड्यांची झुंड. संध्याकाळनंतर वटवाघळं.

हरभऱ्याच्या बांधावर वेगळं काम आहे. सकाळी हरभऱ्यात शिरलीस तर परकराचा काठ आंबट होईल. पाल्यावर जे बारीक थेंब दिसतात ते सगळे दवाचे नसतात. पानांवरच्या केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, तीच आंब. आपल्याकडे रात्री पिकावर धडपं अंथरून सकाळी पिळून ती गोळा करायचे, पोटदुखीवर ठेवायचे. वही त्यात टेकवू नकोस. बांधावर पोतं घाल, त्यावर बस, आणि एकच झाड न्याहाळ. घाट्याला गोल भोक दिसलं तर थांब. घाटेअळी अर्धी आत, अर्धी बाहेर असते, डोकं घाट्यात आणि पाठ उन्हात. ती काढायला सोपी आहे कारण खाताना ती तुझ्याकडे लक्ष देत नाही. अंगावरची आडवी वळी मोज, बाजूच्या पट्टीचा रंग लिही. हिरवी, तपकिरी, पिवळट, सगळ्या रंगांत सापडते, म्हणून दोन अळ्या दोन जातींच्या समजू नकोस.

त्याच शेतात शेतकऱ्यानं एकरी वीसेक पक्षीथांबे ठोकलेले असतील, इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या. कृषी खातं सांगतं म्हणून ठोकतात, अळ्या पक्ष्यांनी वेचाव्यात म्हणून. आपल्या वहीला याहून सोयीची गोष्ट नाही. एक थांबा धर, त्याची टी पानाच्या मध्यभागी काढ आणि तिच्यावर कोण कोण येऊन बसलं ते वेळेसकट लिहीत जा. कोतवाल येईल, साळुंकी येईल, वेडा राघू येईल. कोण वरून झेप घेऊन पुन्हा त्याच काठीवर येतं आणि कोण खाली उतरून चालायला लागतं, ते बाण काढून दाखव. मला तर असं एक पान पक्ष्याच्या हुबेहूब चित्रापेक्षा जास्त आवडतं.

हलणारा पक्षी काढायचा म्हणजे पोरं घाबरतात. त्यांना वाटतं चोचीपासून शेपटीपर्यंत सगळं एका दमात टिपायचं. तसं कोणालाच जमत नाही. तू आधी दोन रेघा काढ: पाठीची आणि शेपटीची. पाठ उभी की आडवी, एवढं आलं तरी निम्मा पक्षी आला. मग शेपटीच्या शेजारी बाण काढून ती काय करते ते लिही. धोब्याची शेपटी खालीवर होते. पडक्या भिंतीवर, कौलांवर बसणारा थरथऱ्या शेपटी थरथरवतो, वरून काळा, पोटाखाली विटकरी. गप्पीदास वाळक्या काटकीच्या अगदी शेंड्यावर बसतो, जमिनीवर उतरून काहीतरी उचलतो, परत शेंड्यावर. या तिघांना तू रंगाशिवायही ओळखशील. रंग शब्दांत लिही: ‘डोक्यावर राख, छातीवर मळका पांढरा’ असं. घरी येऊन भर. ऊन पाठीवर घेऊन बस, नाहीतर समोरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसेल.

बोटं गारठली की रेघ वाकडी येते. अशा वेळी बोटांनी काढू नकोस, मनगट आणि कोपर हलव, मोठं काढ. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून मग सुरू केलंस तर उत्तम.

नाव माहीत नसलं तर पुस्तक उघडायच्या आधी माणसांना विचार. खुरपणाऱ्या बायका, मेंढरं घेऊन बसलेला धनगर, कारखान्याच्या तोडीला आलेली मंडळी. ते देतील ते नाव आधी लिही, पुस्तकातलं त्याखाली. विल्यम साईक्स नावाचा एक लष्करी साहेब 1824 साली मुंबई सरकारनं आकडेवारी गोळा करायला नेमला आणि तो दख्खनभर हिंडला. 1832 मध्ये त्यानं इथल्या पक्ष्यांची यादी छापली. माळावरचा छोटा तुरेवाला चंडोल अजून त्याच्या नावानं ओळखला जातो. पुढे माशांवर लिहिताना त्यानं कितीतरी जातींना इथल्या लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नाव म्हणून दिली, शिंगटी, मुल्या अशी. त्यातला एक मासा आपल्याच घोड नदीतला, शिरूरपाशी मिळालेला. आता, साहेबाच्या हाताखाली माणसं होती आणि सरकारचा पगार होता, तुझ्याकडे एक वही आहे. पण विचारायला काही पैसे पडत नाहीत.

कालव्याच्या पुलावर बसलीस की पाण्याची नोंद पहिली. डिंभे धरणाच्या पाण्याचं आवर्तन चालू आहे की बंद, एवढं प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात हवंच. कालवा भरून वाहत असला की धोबी काठावर नाहीतर भिजवलेल्या वाफ्यांत दिसतो. आवर्तन बंद झालं, तळाशी डबकी आणि चिखल राहिला, की तोच धोबी खाली उतरतो, जोडीला तुतवार येतो, ढोकरी येऊन ध्यान लावते. वहीत पाण्याची नोंद नसली तर तुला वाटेल पक्षी वाढले. वाढले नसतात, खाली उतरलेले असतात.

हवेचंही तसंच. थर्मामीटर असला तर लाव, नसला तरी अडत नाही. सकाळी चुलीचा धूर बघ. वारा पडलेला आणि जमिनीलगतची हवा गार असली की धूर वर जात नाही, घरांच्या वरून आडवा पसरतो आणि तसाच राहतो. ती धुराची रेघ रोज एका ओळीत काढ. आणि दव पडलं की नाही ते लिही. आभाळ भरलेलं असलं तर रात्र उबदार राहते, दव पडत नाही. निरभ्र रात्रीची सकाळ ओलीचिंब. आंब्याला मोहोर आलेला असताना ढगाळ हवा धरली की मोठी माणसं का कुरकुरतात ते मोहोरावरचे तुडतुडे बघून कळेल. तेही काढ, भिंगातून.

एक पान सूर्याला दे. गच्चीवरून उगवतीकडची सगळी रेघ काढ: चिंच, पाण्याची टाकी, विजेचे खांब, लांबचा टेकाडाचा उतार. दर रविवारी सूर्य त्या रेघेवर कुठे उगवला तिथे छोटं वर्तुळ आणि तारीख. 22 डिसेंबरपर्यंत वर्तुळं उजवीकडे, दक्षिणेकडे सरकत जातील, तिथे काही दिवस एकावर एक पडतील आणि मग डावीकडे परत फिरतील. हात सरळ पुढे केला तर मूठ साधारण दहा अंश झाकते. 22 डिसेंबरच्या खुणेपासून 21 मार्चच्या खुणेपर्यंत अडीच मुठी भरतात, मोजून बघ. आणखी एक गंमत: सगळ्यात लहान दिवस डिसेंबरात, पण आपल्याकडे सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो संक्रांतीच्या आसपास. घड्याळ लावून लिहिशील तर तुझ्याच वहीत सापडेल.

आता जे सांगतो त्यात सूट नाही. आपण बिबट्याच्या मुलखात राहतो. जुन्नर वनविभागात आंबेगाव, खेड, शिरूर सगळं येतं, आणि तोडणीच्या दिवसांत उसाचे फड मोकळे होऊ लागले की त्यातली जनावरं इकडेतिकडे होतात. दिवस कासराभर वर आल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, आणि सूर्य टेकायच्या आत परत. एकटीनं जायचं नाही. उसाच्या कडेला कधीही उकिडवं बसायचं नाही. बसलेला माणूस त्याला बुटकं जनावर वाटतो. पुलाच्या कठड्यावर बस, विहिरीच्या धक्क्यावर बस, दोघी मोठ्यानं बोलत चला. पक्षी उडाले तर उडाले. फडात पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, फोटोसाठीही नाही. मागे सरायचं आणि 1926 वर वनखात्याला फोन करायचा. पिल्लं जागच्या जागी सुरक्षित ठेवली तर आई रात्री येऊन नेते, वनखात्याची माणसं तेच करतात.

ठसा मात्र जरूर काढ. भिजवलेल्या वाफ्याच्या कडेला मऊ मातीत छान उमटतो. शेजारी काडेपेटी ठेव, म्हणजे माप आपोआप येतं. चार बोटं, नखांची खूण नाही, आणि तळव्याची मागची कड तीन गोलांची. नखं उमटली असतील तर कुत्रं, कोल्हा किंवा तरस. ठसा काढून झाला की तिथून उठ आणि घरी सांग. अंधारात बाहेर पडायचं नाही, म्हणून चांदण्या गच्चीवरूनच. मार्गशीर्षात जेवणं आटोपली की पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, त्याच्याखाली रोहिणी आणि मग मृग. तेवढ्यानं पान भरतं.

भोरड्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. ज्वारी चिकात आली, हुरड्याचे दिवस आले की त्या शेकड्यांनी उतरतात आणि राखणदार माळ्यावरून गोफण फिरवत ओरडत असतो. त्यांना एकेक करून मोजू नकोस. थवा आभाळात वळतो तेव्हा त्याचा आकार काढ, एका कोपऱ्यातले दहा मोज आणि तसे किती दहा भरतात ते बघ. मध्य आशियातून आलेले पाहुणे आहेत, पण राखणदारासमोर हे कौतुक करू नकोस. त्याचं म्हणणंही वहीत लिही, तेही निसर्गाचंच आहे.

सगळ्यात अवघड नोंद माघानंतर सुरू होते, आणि नेमक्या तेव्हा वह्या बंद होतात. येणारा पक्षी डोळ्यांत भरतो. जाणारा सांगून जात नाही. चैत्रात एके दिवशी तुझ्या लक्षात येईल की भिंतीवरचा थरथऱ्या दिसत नाही, आणि कधीपासून दिसत नाही ते आठवणार नाही. म्हणून फेब्रुवारीपासून प्रत्येक पाहुण्याच्या नावापुढे ‘आज दिसला’ एवढंच रोज लिही, आधीची तारीख खोड. ज्या दिवशी खोडणं थांबेल ती त्याची शेवटची तारीख. ‘आज नाही’ हेही लिही, नुसतं रिकामं सोडू नकोस. रिकामी जागा बघून पुढच्या वर्षी कळणार नाही की पक्षी नव्हता की तू अंथरुणातून उठली नव्हतीस. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणनाही असते, तेव्हा तुझे आकडे तिकडे पाठव. पण आधी वहीत, मग फोनमध्ये.

कडुनिंबानं पानं टाकली आणि तांबूस पालवी दिसली की थंडीची वही संपली असं धर. शेवटच्या दोन पानांवर सूची कर: पक्षी, झाडं, ठसे, हवा, कुठलं कुठल्या पानावर. ती करताना अर्ध्याअधिक नोंदी पुन्हा वाचल्या जातात. मग वही उन्हात तासभर उघडी धर (रंगवलेली पानं सोडून), वेखंडाचा तुकडा फडक्यात बांधून आत ठेव आणि पत्र्याच्या पेटीत घाल. कडुनिंबाचा पालाही घालतात कसर लागू नये म्हणून, पण तो कडकडीत वाळलेला हवा. ओला राहिला तर बुरशी वहीलाच येते. पेटी भिंतीला टेकवू नकोस, वीतभर अंतर सोड. आपल्या जुन्या भिंतींना आषाढात ओल येते.